घड्याळाच्या चिपमधले ५६ बाइट: लिनक्समधून ते नीट कसे वापरावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाण्याच्या मीटरचे पल्स मोजणारा एक लॉगर आहे, त्यावर लिनक्स ५.१० चालतं आणि घड्याळासाठी डीएस१३३८ ही चिप बसवली आहे. या चिपमध्ये बॅटरीवर टिकणारी थोडी रॅम असते, तिच्यात शेवटच्या पाच नोंदी ठेवायच्या आहेत. एक नोंद १२ बाइटांची. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर चिप धरून बसला असल्यामुळे आय२सी या दोन तारांच्या बसवरून चिपमध्ये लिहिणारी आय२सी-सेट ही आज्ञा 'डिव्हाइस बिझी' म्हणते, म्हणून स्क्रिप्टमध्ये जबरदस्तीचा पर्याय देऊन लिहिलं जातं. ऑफिसात सगळं नीट चालतं. साइटवर मात्र तारीख बरोबर राहते आणि वेळ भलतीच होते, कधी कधी घड्याळ थांबूनच जातं. चिप खराब आहे का, आणि ड्रायव्हरमध्ये ही रॅम वापरण्याची सोय कशी घालायची, असे दोन प्रश्न विचारले आहेत.

चिप चांगली आहे. तारीख बरोबर आणि वेळ चूक या एका लक्षणावरून दोष नेमका कुठे आहे ते सांगता येतं, म्हणून आधी तेच बघू.

डीएस१३३८ मध्ये एकूण ६४ पत्ते आहेत, हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ०० ते ३एफ. पहिले सात वेळेचे: सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना, वर्ष. आठवं कंट्रोल रजिस्टर (रजिस्टर म्हणजे चिपमधला ठरलेल्या कामाचा कप्पा). उरलेले ५६ बाइट, म्हणजे हेक्स ०८ ते ३एफ, तुमच्या वापरासाठी मोकळे. १२ बाइटांच्या पाच नोंदी म्हणजे ६० बाइट. चिप ६४ बाइटांची म्हणून ६० मावतील असा हिशेब झालेला दिसतो, पण जागा ५६ चीच आहे. पाचवी नोंद हेक्स ३८ पासून सुरू होते. तिचे पहिले आठ बाइट ३एफ पर्यंत बसतात. पुढचे चार कुठे जातात? चिप 'जागा संपली' असं सांगत नाही. तिचा पत्त्याचा निर्देशक ३एफ नंतर गुपचूप ०० वर येतो आणि लिखाण चालूच राहतं. डेटाशीटमध्ये हे एका वाक्यात लिहिलेलं आहे आणि ते वाक्य सहज नजरेतून सुटतं. उरलेले चार बाइट सेकंद, मिनिट, तास आणि वार या चार रजिस्टरांवर पडतात. तारखेचं रजिस्टर पाचवं, त्याला धक्का लागत नाही. म्हणून तारीख शाबूत आणि वेळ बिघडलेली.

घड्याळ थांबण्याचं कारणही यातच आहे. सेकंदाच्या रजिस्टरचा सर्वात वरचा बिट सेकंद दाखवण्यासाठी नसतो. तो १ झाला की घड्याळाला ठोके देणारा ऑसिलेटर बंद होतो. तुमच्या नोंदीचा नववा बाइट हेक्स ८० किंवा त्याहून मोठा असेल तेव्हा घड्याळ थांबतं, लहान असेल तेव्हा नुसती वेळ चुकते. तासाच्या रजिस्टरचा सहाव्या क्रमांकाचा बिट १२ तासांचं घड्याळ की २४ तासांचं हे ठरवतो, तोही अधूनमधून उलटत असणार. पल्सच्या आकड्यानुसार लक्षण बदलत राहतं, त्यामुळे दोष बेभरवशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो दर पाचव्या नोंदीला ठरल्याप्रमाणे घडतो आहे.

मग ऑफिसात का दिसला नाही? तिथे इंटरनेट आहे. एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) सिस्टीमची वेळ जुळलेली असली आणि कर्नलमध्ये तशी सोय चालू असली, तर लिनक्स साधारण दर ११ मिनिटांनी सिस्टीमची वेळ स्वतःहून घड्याळाच्या चिपमध्ये लिहितं. ते लिहिताना सेकंदाच्या रजिस्टरमधला तो थांबवणारा बिटही पुसला जातो. बिघडलेलं घड्याळ तुमच्या टेबलावर सतत दुरुस्त होत होतं. साइटवर नेटवर्क नाही, वीज गेली-आली की सिस्टीम चिपकडूनच वेळ घेते, आणि चिपमध्ये पल्सचे आकडे बसलेले असतात. घड्याळाशी संबंधित कुठलीही गोष्ट तपासायची तर नेटवर्कची केबल काढून तपासा, हे मी माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

नोंदी चार केल्या की आजचा दोष जाईल. पण मी तेवढ्यावर थांबू नका असं म्हणेन, कारण खरं दुखणं जबरदस्तीच्या पर्यायात आहे. 'डिव्हाइस बिझी' हा निरोप कर्नल विनाकारण देत नाही. या पत्त्यावरची चिप एका ड्रायव्हरच्या ताब्यात आहे आणि तिच्या रजिस्टरांचा अर्थ त्याला माहीत आहे, असं तो सांगतो. आय२सी-डिटेक्टच्या तक्त्यात चिपच्या पत्त्याच्या, म्हणजे ६८ च्या, जागी 'यूयू' दिसतं त्याचाही हाच अर्थ. जबरदस्तीने लिहिलं की तो अर्थ जाणणारा मध्ये कुणीच उरत नाही. रॅम कुठे संपते आणि घड्याळ कुठे सुरू होतं हे फक्त तुमच्या स्क्रिप्टच्या बेरजेवर अवलंबून राहतं. ही सीमा राखणं हे ड्रायव्हरचं काम आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. बऱ्याच जणांना वाटतं की स्क्रिप्ट आणि ड्रायव्हर एकाच क्षणी बसवर आले म्हणून वेळ बिघडते. डीएस१३३८ च्या बाबतीत तसं होत नाही. कर्नल प्रत्येक आय२सी व्यवहार कुलूप लावूनच करतो, एकाचा व्यवहार पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचा सुरू होत नाही. वेळ वाचताना चिप सुरुवातीलाच सगळे आकडे बाजूच्या रजिस्टरांत उतरवून घेते, त्यामुळे वाचता वाचता मिनिट बदललं तरी गोंधळ होत नाही. टकरीची भीती खरी ठरते ती ज्या चिपमध्ये रॅमपर्यंत दोन टप्प्यांत पोचावं लागतं तिथे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता ड्रायव्हर. तुम्हाला काही लिहावं लागणार नाही, ही सोय त्यात आधीच आहे. डीएस१३३८ ला लिनक्समध्ये डीएस१३०७ याच नावाचा ड्रायव्हर सांभाळतो. एकाच कुळातल्या अनेक चिपा त्यात आहेत आणि प्रत्येकीच्या वर्णनात रॅम कुठून सुरू होते व किती बाइटांची आहे हे दोन आकडे दिलेले असतात. डीएस१३०७ आणि डीएस१३३८ साठी ते आठ आणि ५६ आहेत. मायक्रोचिपच्या एमसीपी७९४१० कुळासाठी हेक्स २० आणि ६४.

पूर्वी प्रत्येक आरटीसी (घड्याळाच्या चिपचा) ड्रायव्हर आपापली 'एनव्हीरॅम' नावाची फाइल चिपच्या सिसएफएस (कर्नल हार्डवेअर फाइलींच्या रूपात दाखवतो ते /सिस) फोल्डरमध्ये ठेवत असे. जुन्या लेखांत तोच पत्ता दिलेला आढळतो आणि आजच्या कर्नलवर ती फाइल सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. २०१५ मध्ये लिनक्स ४.३ मध्ये एनव्हीमेम ही सामाईक चौकट आली. ईप्रॉम (वीज नसतानाही टिकणारी मेमरी), चिपमधले फ्यूज, बॅटरीवरची रॅम, सगळ्यांना एकाच पद्धतीने वाचता-लिहिता यावं हा तिचा उद्देश. मग २०१७ मध्ये, ४.१३ च्या सुमारास, आरटीसी विभागाची देखभाल करणारे अलेक्झांडर बेलोनी यांनी घड्याळांची रॅम या चौकटीत आणली. जुनी फाइल काही काळ सोबत राहिली, नंतर काढून टाकली गेली. हा बदल मला मोलाचा वाटतो, कारण त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर मर्यादा तपासण्याचं काम आपल्या परीने करायचा आणि कर्नलमधल्या दुसऱ्या भागाला ही रॅम वापरायची तर सरळ वाट नव्हती.

तुमच्या बोर्डावर आज ही फाइल /सिस/बस/एनव्हीमेम/डिव्हायसेस च्या खाली डीएस१३०७_एनव्हीरॅम० या फोल्डरमध्ये 'एनव्हीमेम' या नावाने असायला हवी. वाचल्यावर तिच्यातून ५६ बाइट मिळतात. चिप १३३८ असली तरी नावात १३०७ च येतं, त्याने बिचकू नका. ही साधी बायनरी फाइल आहे. सी मध्ये उघडून पी-राइट करा किंवा पायथनमधून त्याच नावाचं फंक्शन वापरा. ५६ च्या पुढे जाणारं लिखाण या वाटेने गेलं तर एनव्हीमेम ते सीमेपाशी कापतं आणि प्रत्यक्षात किती बाइट लिहिले ते परत सांगतं. सुरुवातच ५६ च्या पुढे असेल तर चूक म्हणून परत पाठवतं. तुमची पाचवी नोंद या वाटेने गेली असती तर १२ ऐवजी आठ हा आकडा परत आला असता आणि दोष पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. अर्थात परत आलेला आकडा तपासला तर. डीडी ही आज्ञा वापरायची असेल तर फाइल न कापण्याचा पर्याय आणि नेमकी सुरुवात द्यायला विसरू नका. लिहिण्याचा हक्क फक्त रूटला असतो, तो सगळ्यांना खुला करण्यापेक्षा लिहिणारी एक छोटी सेवा रूटने चालवणं बरं.

फाइल दिसली नाही तर दोन गोष्टी बघा. कर्नलच्या मांडणीत एनव्हीमेम, त्याची सिसएफएस सोय आणि आरटीसीची एनव्हीमेम सोय, तिन्ही चालू आहेत का? यातलं आरटीसीचं कलम बंद असेल तर नोंदणीचं फंक्शन काहीच न करता यश सांगून परत येतं, लॉगमध्ये चूक झाल्याचा निरोप दिसत नाही. दुसरी गोष्ट डिव्हाइस-ट्री, म्हणजे बोर्डावर कोणत्या चिपा आहेत हे कर्नलला सांगणारी यादी. तिथे चिपचं नाव डीएस१३३८ असंच लिहिलंय का हे डोळ्यांनी बघा. पत्ता तोच, वेळही बरोबर दिसते, म्हणून डीएस३२३१ चं नाव तसंच ठेवलेले बोर्ड मी पाहिले आहेत. डीएस३२३१ मध्ये वापरासाठी रॅम नसतेच, त्यामुळे फाइल तयार होत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या चिपची कंट्रोल आणि स्टेटस रजिस्टरं हेक्स ०ई आणि ०एफ वर असतात. डीएस१३३८ मध्ये त्याच पत्त्यांवर तुमची रॅम आहे. ड्रायव्हर सुरू होताना तिथले बिट हलवतो आणि तुमच्या माहितीतला सातवा आणि आठवा बाइट दर रीबूटला बदलू शकतो. असा दोष शोधताना माणूस बॅटरीपासून वायरिंगपर्यंत सगळं बदलून बघतो.

डीएस३२३१ चा विषय निघालाच आहे तर बाजारात मिळणाऱ्या तयार मॉड्यूलबद्दल. त्यावर '४ केबी मेमरी' असं लिहिलेलं असतं, ती घड्याळाच्या चिपमध्ये नसते. शेजारी एटी२४सी३२ ही वेगळी ईप्रॉम असते, बहुधा हेक्स ५७ या पत्त्यावर. तिला एटी२४ हा वेगळा ड्रायव्हर लागतो, आरटीसीच्या ड्रायव्हरमध्ये ती शोधून उपयोग नाही. तिला बॅटरी लागत नाही, पण लिहिण्याला मर्यादा असते, साधारण दहा लाख वेळा. दर सेकंदाला एकाच जागी लिहिलं तर दहा लाखांचा आकडा साडेअकरा दिवसांत गाठला जातो. घड्याळातल्या रॅमला अशी झीज नाही, सेकंदाला दहादा लिहिलं तरी चालतं. पल्सचा चालू आकडा ठेवायला तुम्ही ही रॅम निवडली ते अगदी योग्य केलंत. घड्याळच अचूक हवं आणि रॅमही हवी असेल तर डीएस३२३२ घ्या: घड्याळ डीएस३२३१ सारखंच, वर हेक्स १४ ते एफएफ अशी २३६ बाइट रॅम. तिचा लिनक्स ड्रायव्हर वेगळा आहे, पण रॅम याच एनव्हीमेम वाटेने मिळते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा व्यापक भाग. समजा उद्या अशी चिप वापरली जिच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नाही. तेव्हा काय करायचं?

काम थोडं आहे. ड्रायव्हरमध्ये दोन फंक्शनं लिहायची, एक वाचणारं, एक लिहिणारं. दोघांना चौकटीकडून चार गोष्टी मिळतात: तुमचा स्वतःचा पॉइंटर, शून्यापासून मोजलेलं अंतर, बफर आणि बाइटांची संख्या. थेट पत्त्यांची चिप असेल तर त्या अंतरात रॅमचा सुरुवातीचा पत्ता मिळवायचा आणि रेगमॅपच्या (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या कर्नलमधल्या सामाईक थराच्या) बल्क वाचन किंवा बल्क लेखनाला सगळं सोपवायचं. आय२सी कंट्रोलर फक्त एसएमबस (आय२सीचा मर्यादित प्रकार) जाणणारा असेल आणि एका दमात ३२ बाइटांपेक्षा जास्त नेत नसेल तर तुकडे पाडण्याचं काम रेगमॅप करतं. मग एनव्हीमेमची मांडणी भरायची: नाव, आकार, शब्दाचा आकार एक, पायरी एक, प्रकार 'बॅटरी बॅक्ड', दोन्ही फंक्शनं आणि तुमचा पॉइंटर. शेवटी घड्याळाची नोंदणी झाल्यावर डेव्हएम_आरटीसी_एनव्हीमेम_रजिस्टर या फंक्शनला ती मांडणी द्यायची. ५.११ च्या आधीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तुमच्या ५.१० मध्येही, याच फंक्शनचं नाव सुरुवातीच्या 'डेव्हएम' शिवाय आहे.

यात चार ठिकाणी लोक अडकतात. दोन्ही फंक्शनांनी यश मिळाल्यावर शून्य परत करायचं असतं. जुन्या बायनरी फाइलच्या पद्धतीत बाइटांची संख्या परत करायची सवय होती, ती इथे आणली की वरचा थर त्या संख्येला चूक समजतो. दुसरं, रेगमॅपच्या मांडणीत 'सर्वात मोठं रजिस्टर' फक्त वेळेपुरतं ठेवलेलं असतं. ते रॅमच्या शेवटापर्यंत वाढवलं नाही तर रेगमॅप रॅमला हातच लावू देत नाही. तिसरं, एनव्हीमेमची नोंदणी फसली म्हणून ड्रायव्हरच सुरू होऊ न देणं. रॅम मिळाली नाही तरी घड्याळ चाललं पाहिजे, मी तिथे निरोप छापून पुढे जातो. चौथं, एकाच बोर्डावर तशाच दोन चिपा असल्या तर नाव आणि क्रमांक सारखे होऊन दुसरीची नोंदणी अडते, म्हणून क्रमांक आपोआप देण्याचा पर्याय निवडावा. आणि सिसएफएसची वाट सीमा तपासते म्हणून निर्धास्त राहू नका. कर्नलच्या आतून येणारी मागणी त्या वाटेने येत नाही. आपल्या फंक्शनमध्ये 'अंतर अधिक संख्या' आकाराच्या आत आहे का ही एक ओळ लिहाच.

दोन टप्प्यांच्या चिपांबद्दल सांगतो म्हटलं होतं. एनएक्सपीची पीसीएफ२१२७ घ्या. तिच्यात ५१२ बाइट रॅम आहे, पण त्या बाइटांना स्वतःचे पत्ते नाहीत. आधी हेक्स १ए आणि १बी या रजिस्टरांत आतला पत्ता लिहायचा, मग १सी मधून लिहायचं किंवा १डी मधून वाचायचं. हे दोन वेगळे व्यवहार आहेत. रेगमॅपचं कुलूप एकेका व्यवहारापुरतं असतं, दोघांच्या मध्ये दुसरी प्रक्रिया येऊन पत्ता बदलू शकते. मग तुम्ही एका जागेचं वाचताय असं समजून दुसरीकडचं वाचता, आणि लिहिताना तर दुसऱ्याचा बाइट जातो. इथे दोन्ही टप्प्यांभोवती एक म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलाच पाहिजे. हा प्रकार नवा नाही. पीसीतल्या सीमॉस मेमरीचीही हीच रचना आहे: पोर्ट हेक्स ७० वर क्रमांक, ७१ वर माहिती. मोटोरोलाच्या मूळ एमसी१४६८१८ मध्ये ६४ बाइट होते, त्यातले १४ घड्याळाचे आणि ५० मोकळे, आणि पीसी-एटीने त्या मोकळ्या जागेत मशीनची मांडणी ठेवायला सुरुवात केली. लिनक्समध्ये ती जागाही आज एनव्हीमेममधून दिसते. तिथले बाइट मात्र बायोसचे आहेत, रिकामे दिसले तरी लिहू नका.

काही चिपांत घड्याळासोबत ईप्रॉम असते. आरव्ही-३०२८ मध्ये वापरासाठी ४३ बाइट ईप्रॉम आणि दोन बाइट रॅम आहे. तिथे लिहिण्याआधी चिपची स्वतःहून माहिती ताजी करण्याची (रिफ्रेश) क्रिया थांबवावी लागते आणि चिप मोकळी होईपर्यंत वाट बघावी लागते. दर सेकंदाला लिहिण्याच्या कामाला ती घेऊ नका.

आता रॅममध्ये काय आणि कसं ठेवायचं ते. माझ्या मते ड्रायव्हरपेक्षा जास्त विचार इथे करायला हवा, कारण ही मेमरी नावाला कायमची असली तरी बॅटरी आहे तोवरच ती टिकते. बॅटरी काढली आणि बाहेरची वीजही नसली तर सगळं गेलं. साइटवर बॅटरी बदलणाऱ्याला मशीन चालू ठेवूनच बदलायची ताकीद द्या. एमसीपी७९४१० मध्ये बॅटरीचा वापर सुरू करणारा बिट वाराच्या रजिस्टरमध्ये आहे आणि तो सुरुवातीला शून्य असतो. लिनक्सचा ड्रायव्हर वेळ लिहिताना प्रत्येक वेळी तो पुन्हा १ करतो, पण कुणी बाहेरून वार लिहिला की बॅटरी तुटते आणि पुढच्या वीज जाण्यात रॅमही जाते. चिपला बाहेरून हात लावू नये याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

पहिल्यांदा वीज आली की रॅममध्ये काय असेल याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक नोंदीत एक ठरलेली खूण आणि सीआरसी (बाइटांवरून काढलेला, बिघाड ओळखणारा तपासणी-आकडा) हवा. सीआरसी सुरुवातीला शून्य धरून मोजला तर सगळे शून्य बाइट असलेली नोंदही बरोबर ठरते. शून्याचा सीआरसी शून्यच येतो. सुरुवातीची किंमत शून्याव्यतिरिक्त ठेवा, खूणही शून्य नसू द्या.

दुसरी अडचण अर्ध्या लिखाणाची. वीज जाताना व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की चिप चालू व्यवहार तिथेच तोडते. डीएस१३०७ मध्ये ही पातळी बॅटरीच्या व्होल्टेजच्या सव्वापट आहे, म्हणजे ३ व्होल्टच्या बॅटरीला ३.७५ व्होल्ट. त्यामुळे ती चिप ३.३ व्होल्टवर चालवता येत नाही, आणि तुमच्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर तिची बहीण डीएस१३३८ आहे ते बरोबरच आहे. १०० किलोहर्ट्झवर २४ बाइट लिहायला पत्त्यांसकट सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात. इतक्यात वीज जाणं विरळा, पण दर सेकंदाला लिहिणारं यंत्र दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या जागी वर्षानुवर्षं उभं राहणार असेल तर ते कधीतरी घडतंच. उपाय असा की चालू नोंदीवर कधीच लिहायचं नाही. दोन खण ठेवायचे आणि आळीपाळीने लिहायचं. वाचताना दोन्ही तपासायचे, सीआरसी जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाचा घ्यायचा.

तुमच्या ५६ बाइटांची वाटणी मी अशी करेन. पहिले आठ बूटसाठी राखून ठेवायचे. आठव्यापासून २४ बाइटांचा पहिला खण, बत्तिसाव्यापासून २४ चा दुसरा. खणात दोन बाइट खूण, एक बाइट रचनेची आवृत्ती, चार बाइट चढता क्रमांक, तुमची १२ बाइटांची नोंद, दोन बाइट सीआरसी. एकवीस होतात, तीन शिल्लक राहतात, ते पुढच्या आवृत्तीला लागतील. सेकंदाला एक लिखाण धरलं तरी चार बाइटांचा क्रमांक १३६ वर्षं पुरतो. पाच नोंदींचा इतिहास यात बसत नाही, आणि तो इथे ठेवूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहास फ्लॅशवरच्या फाइलमध्ये दर काही मिनिटांनी लिहा. इथे फक्त शेवटची अवस्था असू द्या, म्हणजे दोन फाइल-लिखाणांच्या मध्ये वीज गेली तरी एकही पल्स हरवणार नाही.

राखलेल्या आठ बाइटांचा उपयोग यू-बूटला, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरला, होतो. सिस्टीम किती वेळा सुरू व्हायचा प्रयत्न करून फसली हे मोजायला यू-बूटमध्ये आरटीसीवर आधारित बूटकाउंट आहे. तो दोन बाइट घेतो, एकात संख्या आणि दुसऱ्यात हेक्स बीसी ही खूण. मर्यादा ओलांडली की तो पर्यायी बूट आज्ञा चालवतो. दूरच्या साइटवर नवं सॉफ्टवेअर पाठवताना हा फार मोठा आधार आहे. फक्त मोजणीची सुरुवात सांभाळा: यू-बूटमधलं अंतर चिपच्या रजिस्टरपासून मोजलेलं असतं, लिनक्सच्या एनव्हीमेममधलं रॅमच्या सुरुवातीपासून. लिनक्समधला शून्यावा बाइट यू-बूटला आठवा म्हणून सांगावा लागतो. शून्य सांगितलं तर तो सेकंद आणि मिनिटांवर मोजणी लिहील, आणि तुम्ही पुन्हा आजच्याच प्रश्नाशी येऊन पोचाल. यशस्वी बूटनंतर लिनक्समधून ही संख्या शून्य करण्याचं काम मात्र तुमचं. कर्नलमधल्या दुसऱ्या ड्रायव्हरला एखादा बाइट द्यायचा असेल, उदाहरणार्थ रीबूटचं कारण ठेवणाऱ्या ड्रायव्हरला, तर डिव्हाइस-ट्रीमध्ये आरटीसीच्या नोडखाली त्या जागेचा सेल, म्हणजे ठराविक तुकडा, नाव देऊन लिहिता येतो.

हे सगळं बसवल्यावर चाचणी अशी घ्या. नेटवर्क काढा. ५६ बाइट ओळखीच्या आकड्यांनी भरा, मग ५७ लिहायचा प्रयत्न करा आणि परत आलेली संख्या ५६ च आहे आणि घड्याळ हललेलं नाही हे बघा. लिखाण चालू असताना रिलेने वीज तोडा-जोडा, रात्रभर. सकाळी खणांतला क्रमांक मागे गेलेला नसावा. बॅटरी काढून वीज बंद करा, परत चालू करा: प्रोग्रामने दोन्ही खण अमान्य ठरवून फाइलमधल्या शेवटच्या आकड्यापासून पुढे जायला हवं, शून्यापासून नाही.

साइटवर आधीच बसलेल्या यंत्रांसाठी: नवी सेवा टाकण्याआधी जुनी स्क्रिप्ट बंद करा, ती कुठल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) राहिली तर सगळी मेहनत वाया जाईल. मग एकदा सिस्टीमची वेळ बरोबर लावून एचडब्ल्यूक्लॉक या आज्ञेने चिपमध्ये लिहा. थांबलेलं घड्याळ त्या एका लिखाणाने चालू होतं, चिप बदलावी लागत नाही. रॅममधल्या जुन्या नोंदींना नवी खूण नसल्यामुळे नवा प्रोग्राम त्या आपोआप अमान्य ठरवेल. म्हणून बदल करण्याआधी प्रत्येक यंत्राचा चालू पल्स आकडा काढून फाइलमध्ये लिहून घ्या, आणि त्यासाठी जुन्या नोंदींपैकी पहिल्या चारच विश्वासाने वाचा. पाचवीचे शेवटचे चार बाइट वेळेच्या रजिस्टरांत पडत होते, आणि घड्याळ चालू असताना ते दर सेकंदाला बदलत होते.